बास म्हणेपर्यंत

आसिया मुलाणी बारामतीत पियानो शिकवते असं कळलं की इंदापूरचे तिचे नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे कॅशिओच ना?" ती हो म्हणते आणि विषय मिटवते. असल्या किरकोळ गोष्टींवर राग खर्च करणं तिला परवडत नाही. तिचा सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला आहे, आणि तो तिनं शाळेत असल्यापासून जपला आहे.

शिकवणी तिच्या भाड्याच्या घरातच चालते. पुढच्या खोलीत एक जुना उभा पियानो आहे. पुण्यात कॅम्पात राहणाऱ्या डिकॉस्टा बाईंकडे ती शिकली. बाई कायमच्या गोव्याला गेल्या तेव्हा पियानो हिच्या गळ्यात घालून गेल्या. डॉक्टरांची, प्राध्यापकांची, बंगलेवाल्यांची पोरं येतात आणि मोटारीतून उतरून चपला दारात कशाही फेकतात. आसिया त्यांना रागावते, बोटांवर पट्टी मारायचं तेवढं बाकी ठेवते. पण तिचा एक नियम आहे. पोराचं मनगट थकून खाली आलं की ती स्वतः "बास" म्हणते आणि पाण्याचा पेला पुढं करते. पोरानं मागायच्या आधी. पालकांना वाटतं, बाई वरून कडक आणि आतून प्रेमळ. प्रेमाचा यात काडीचा संबंध नाही, आणि असला तरी तो त्या पोरांशी नाही.

तो आहे तिच्या अब्बांशी, म्हणजे इमामभाईंशी.

इमामभाईंचा एके काळी इंदापुरात बँड होता. हातगाड्यावर जनरेटर, दोन कर्णे, मध्ये कॅशिओ, आणि गाड्यापुढं ट्रंपेट घेऊन जोतीराम. जोतीरामानं ट्रंपेट तोंडाला लावला की बैल सुद्धा माना वर करायचे, असं लोक म्हणत. इमामभाईंनी स्वतः एक वरातीची चाल बसवली होती. ती अशी होती की म्हाताऱ्यांचे पाय जागच्या जागी हलायचे. आसपासच्या गावांत लोक लग्नाची तारीख ठरवण्याआधी इमामभाईंना विचारून घेत.

आपल्याकडे वरातीचा बँड थांबवायची एक रीत आहे. नवरा-नवरी उंबरा ओलांडून आत गेली की यजमानानं बाहेर यायचं, "बास" म्हणायचं आणि बँडमास्तरच्या हातावर नारळ ठेवायचा. तोवर बँड थांबत नाही. मध्येच थांबला तर त्या घराला अपशकुन होतो, आणि पुढं त्या बँडला कुणी आपल्या दारात उभं करत नाही.

शेजारच्या अंथुर्णे गावच्या सर्जेरावांनी नेमकी हीच रीत हत्यार म्हणून वापरली.

सर्जेरावांना सगळे तात्या म्हणतात. ऊस, गाड्या, शाळा, पतसंस्था, सगळीकडं त्यांचा पाय. त्या वर्षी ग्रामपंचायतीत त्यांचं पॅनेल पडलं आणि समोरच्यांच्या मिरवणुकीत इमामभाईंचा बँड वाजला. बँडवाल्याला काय, जो बोलावील त्याच्याकडं वाजवायचं. तात्यांनी ते ध्यानात ठेवलं. दोन महिन्यांनी मुलाच्या, ऋषिराजच्या लग्नाला त्यांनी मुद्दाम इमामभाईंनाच सुपारी दिली. इमामभाईंना वाटलं, मोठ्या मनाचा माणूस.

भर एप्रिलची दुपार. वरात वाड्यावर आली, नवरा-नवरी आत गेली. तात्या फाटकात उभे राहिले, मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाजवा. मी बास म्हणेपर्यंत थांबायचं न्हाय." आणि आत जाऊन जेवायला बसले. फाटक लागलं.

आसियाला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून ती अब्बांबरोबर आली होती. हातगाड्याच्या सावलीत बसून तिनं सगळं बघितलं. आत पंगती उठल्या, पानं झाली, तात्या वामकुक्षीला गेले, आणि बाहेर तीच चाल पुन्हा पुन्हा. कॅशिओच्या काळ्या पट्ट्या इतक्या तापल्या की इमामभाईंच्या बोटांना फोड आले. जोतीरामानं फाटकाशी जाऊन घोटभर पाणी मागितलं. आतल्या गड्यानं सांगितलं, तात्यांचा हुकूम न्हाय. जोतीराम परत आला आणि पुन्हा वाजवू लागला. त्याचा ओठ फुटला होता आणि ट्रंपेटला रक्त लागलं होतं. कठड्यावर बसलेली पोरं हसत होती. शेवटी जनरेटरमधलं डिझेल संपलं, कर्णे गप्प झाले आणि जोतीराम रस्त्यातच खाली बसला. कुणी बाहेर आलं नाही. कुणी बास म्हटलं नाही.

त्यानंतर बँड मोडला. एवढ्या उन्हात वाजवलं ते कुणी सांगितलं नाही; "इमामचा बँड तात्यांच्या दारात बंद पडला" हीच गोष्ट गावोगाव गेली. जोतीराम पुढं ट्रंपेटला कधी शिवला नाही. मोलमजुरी करून जगला आणि गेल्या पावसाळ्यात गेला. इमामभाईंनी इंदापूरच्या स्टँडजवळ मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. कॅशिओ त्यांनी विकला नाही, पेटीत घातला नाही आणि वाजवलाही नाही. घरात तो उघडाच पडून असे. आसियानं एकदा विचारलं, "अब्बा, झाकून ठेवू का?"

"कशाला? अजून बास कुठं म्हटलंय त्यानं."

ते हे हसत म्हणाले. आसियाला ते हसणं कधी विसरता आलं नाही. डिकॉस्टा बाईंकडे जायच्या आधी त्याच उघड्या कॅशिओवर ती शिकली, आणि प्रत्येक सरावाला तिच्या मनात एकच गोष्ट होती. तो शब्द त्या माणसाच्या तोंडून काढायचा. चार लोकांत काढायचा.

संधी चालत घरी आली. तीही साडी नेसून, अत्तर लावून.

तात्यांची पंचाहत्तरी होती. घराण्यानं बारामतीत सभागृह बांधलं होतं आणि तात्यांच्या सूनबाईंनी, ऋषिराजच्या पत्नी राजनंदिनींनी, त्यात एक काळाभोर ग्रँड पियानो आणून ठेवला होता. त्यांना कला वगैरेची हौस आहे. ती हौस खोटी नाही, हे मान्य करायला हवं. "रविवारी सकाळी छोटेखानी मैफल," त्या आसियाला म्हणाल्या. "जुने दिग्गज आणि आजचे संगीतकार, दोन्ही घ्या. पुण्याहून पाहुणे येणारेत. आपल्याकडं लोक मध्येच उठतात, फोनवर बोलतात, ते मला चालायचं नाही. कलाकार बाकावरून उठेपर्यंत कुणीही खुर्ची सोडायची नाही. मी स्टेजवरून सांगणारेय, आणि तात्यांना पण घरी बजावलंय."

आसियानं नियम मनात टिपून घेतला. "चांगला नियम आहे," ती म्हणाली.

तिनं कार्यक्रम सांगितला. बाख. शोपँ. मग आजच्या काळातल्या एका जपानी बाईंची रचना. आणि शेवटी इमाम मुलाणी.

"हे कोण?"

"माझे वडील. आजचेच संगीतकार आहेत. इंदापूरला असतात. त्यांना पुढं एक खुर्ची मिळाली तर बरं."

"अहो, पुढं म्हणजे काय, तात्यांच्या शेजारी बसवते की!" राजनंदिनीबाई खूश झाल्या. तालमीला त्यांनी ती चाल ऐकली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते." आसिया वाजवत राहिली.

तिचा बेत साधा होता. तात्यांची सवय सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. गाणं-बजावणं रंगलं की त्यांचा हात वर जायचा आणि तेच वाक्य यायचं. मी बास म्हणेपर्यंत. आणि बास ते कधीच म्हणत नसत. मन भरलं की उठून चालू लागत, मागं वाजवणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो. रविवारी त्यांना उठता येणार नव्हतं. आता ते वाक्य तेवढं त्यांनी बोलायला हवं होतं. नाही बोलले, तर आसिया नुसती चार टाळ्या घेऊन घरी जाणार होती आणि जन्मभर स्वतःला शिव्या देणार होती.

इमामभाईंना तिनं बेत सांगितला नाही. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी, आणि विचारलं, "सर्जेरावाच्या हॉलात? तू तितं वाजिवणार?"

"तुमची चाल वाजवणार, अब्बा."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाले, "सावकाश वाजीव. मधल्या वळणावर घाई करतीस तू."

रविवारी सभागृह भरलं, समोर व्हिडिओवाल्याचा कॅमेरा लागला. पुढच्या रांगेत पुण्याचे पाहुणे, मधोमध फेटा बांधलेले तात्या आणि त्यांच्या डाव्या हाताला इमामभाई. तात्यांनी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. राजनंदिनीबाईंनी माईकवरून नियम सांगितला, तोही दोनदा.

आसियानं बाख सुरू केला. लोक देवळात बसावं तसे बसले. एका जागी ती श्वासभर थांबली तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी वळून बघितलं आणि टाळ्या ओशाळून विरल्या. शोपँला पुण्याच्या एका बाईंनी डोळे मिटले, म्हणून बारामतीच्या पाच बायकांनी मिटले. जपानी रचनेत एकेक सूर लांब लांब पडतो. मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "तपासून बघती काय गं पेटी?" तात्या पेंगत होते. आसिया डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. पेंग रे, ती मनात म्हणाली, पेंगून घे.

मग तिनं डाव्या हातानं गाड्याच्या चाकासारखा ठेका धरला आणि उजव्या हातानं अब्बांची चाल काढली.

सभागृह एकदम जागं झालं. खुर्च्या करकरल्या, पाय हलले, मागं कुणी शीळ घातली. एवढी दिग्गजांची गर्दी ऐकून झाल्यावर लोकांना आपलं माणूस भेटलं होतं. तात्यांनी डोळे उघडले. मान डोलली. हात मांडीवर ताल धरू लागला. आसियानं चाल एकदा संपवली आणि हात पट्ट्यांवरच ठेवून वाट बघितली. बोल. बोल की.

तात्यांचा हात वर गेला. "वा, पोरी वा! ह्येला म्हंत्यात वाजवणं! वाजीव. मी बास म्हणेपर्यंत थांबायचं न्हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आसियानं खाली मान घालून नमस्कार केला. तिला त्या क्षणी हसू येत होतं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

ती वाजवू लागली. पहिल्यांदा बाखच्या वळणानं, दोन्ही हातांनी एकमेकांचा पाठलाग करत. मग शोपँसारखी, हळवी, ओलसर. मग जपानी बाईंसारखी, एकेक सूर सुटा. पुण्याचे पाहुणे पुढं सरकून बसले, कारण हे खरंच चांगलं होतं. राग माणसाच्या हातात उतरला की कधी कधी कलाही होते. पण मग तिनं सगळे दागिने उतरवले आणि चाल साधी, उघडी, जशी फाटकाबाहेर वाजत होती तशी सुरू केली. पुन्हा. आणि पुन्हा.

लोक आधी डोलले, मग चुळबुळले, मग एकमेकांकडं बघू लागले. तात्या खुर्चीत पुढं-मागं होऊ लागले. त्यांना साखरेचा आजार, त्यात वय झालेलं. घरी ते घडीघडीला उठतात, हे त्यांच्या गावात पोरंसोरंही चेष्टेनं सांगतात. त्यांनी एक मांडी दुसरीवर घेतली. मग खाली सोडली. मग घट्ट आवळली. फेट्याखालून घाम उतरू लागला. आसियाला ते सगळं दिसत होतं. तिला दया आली का? नाही आली. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि उगाच खोटं कशाला सांगायचं.

तात्यांनी मुलाला खूण केली. ऋषिराज कमरेत वाकून पियानोपाशी आला. "मॅडम, आता आवरतं घ्या."

"तात्या बास म्हणाले नाहीत अजून," आसिया हात न थांबवता म्हणाली. "तेच म्हणाले ना, तोवर थांबायचं नाही?"

ऋषिराज बापाकडं गेला, कानात बोलला. तात्यांनी मान झटकली. चारचौघांत बास म्हणणं म्हणजे आपण थकलो हे कबूल करणं, आणि तेही एका पोरीपुढं. पंचाहत्तर वर्षं त्यांनी ते केलं नव्हतं. उठून जावं तर सूनबाई माईक घेऊन समोर उभी, पाहुणे शेजारी, आणि कॅमेरा थेट तोंडावर. ते बसून राहिले. आसियानं हात हलका केला. चाल तीच, पण आता इतकी हळू की पुढच्या रांगेतली कुजबुज तिला ऐकू यावी.

तात्या पहिल्यांदाच डावीकडं वळले. "अवो पाव्हणं, तुमची पोरगी ना? ही थांबायची कवा?"

इमामभाई समोर बघत होते. त्यांनी बेत ओळखला होता. कधी ओळखला कुणास ठाऊक. पण त्यांची बोटं मांडीवर चालीबरोबर हलत होती आणि मधल्या वळणावर जराही घाई करत नव्हती.

"यजमानानं बास म्हटल्याबिगर वाजंत्री थांबत न्हाय, तात्या," ते म्हणाले.

तात्यांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमाला कुठं बघितलंय मी?"

"तुमच्या दारात. ऋषिराजरावांच्या लग्नात." इमामभाई म्हणाले. "उन्हात उबा हुतो."

तात्यांचा चेहरा उतरला. आठवलं होतं. त्यांनी पियानोकडं बघितलं, आसियाकडं बघितलं, आणि ती त्यांच्याकडं बघत होती. हात चालू होते. तिनं नजर काढली नाही.

तात्या खुर्चीच्या हातांना धरून उठले. "बास," ते म्हणाले.

मागच्या रांगांना ते ऐकू गेलं नाही. आसियानं एक भुवई उचलली आणि चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली.

"बास!" तात्या ओरडले. "बास कर, पोरी! बास!"

ती अर्ध्या सुरावर थांबली. सभागृह गार पडलं. मग पुण्याच्या बाईंना वाटलं, रचना अशीच संपते, आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. लोकही लागले वाजवायला. तात्या दाराकडं निघाले, पण राजनंदिनीबाई एका हातात माईक, दुसऱ्या हातात ताट घेऊन आडव्या आल्या. शाल, श्रीफळ, तात्यांच्या हस्ते कलाकारांचा सत्कार. तो झाल्याशिवाय आपल्याकडं कुणाची सुटका नसते, पंचाहत्तरीच्या माणसाची तर नाहीच.

आसिया बाकावरून उठली. "राजनंदिनीबाई, शाल मला द्या," ती म्हणाली. "नारळ मात्र तात्यांच्या हातानं संगीतकारांना."

तात्यांनी नारळ उचलला. मांड्या एकमेकींना चिकटवून, घाईनं, न बघता तो त्यांनी इमामभाईंच्या पुढं धरला. इमामभाईंनी घाई केली नाही. टोपी सारखी केली. नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि मग कानाशी नेऊन हलवला, बाजारात पारखून घेतात तसा.

"पाणी हाय," ते म्हणाले. राजनंदिनीबाईंच्या हातातला माईक चालूच होता. "त्या दिवशी आमच्या जोतीरामानं तुमच्या दारात घोटभर मागितलं हुतं."

मागच्या रांगा अंथुर्ण्याच्याच होत्या. तिथल्या कठड्यावर त्या दिवशी हसलेली पोरं आता पोटं सुटलेली माणसं झाली होती. कुणी हसलं नाही. राजनंदिनीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, कारण ती चाल त्यांनी कुठं ऐकली होती ते त्यांना आता कळलं होतं. ऋषिराज बुटांकडं बघत राहिला. तात्या धोतराचा सोगा मुठीत धरून दाराकडं धावले, आणि ते वेळेत पोचले की नाही यावर गावात अजून दोन मतं आहेत.

"झाकण लाव पियानोचं," इमामभाई लेकीला म्हणाले. "सुट्टी झाली."

"नारळ मी धरते, अब्बा."

"ऱ्हाऊ दे. ह्यो आपला न्हाय."

दुपारच्या एसटीनं ते इंदापूरला उतरले आणि घरी न जाता थेट जोतीरामाच्या दारात गेले. त्याची बायको, सिंधुबाई, पायरीवर बसून शेंगा निवडत होती. इमामभाईंनी नारळ तिच्या पुढ्यात ठेवला.

"कशाचा वो, भाई?"

"सर्जेरावाच्या घरच्या वरातीचा. बास म्हटला आज त्यो. सगळ्यांम्होरं म्हटला."

सिंधुबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग तिनं तो पायरीच्या दगडावर फोडला, पाणी पेल्यात धरलं, आत गेली आणि खुंटीवर ट्रंपेट टांगला होता त्याच्या खालच्या फळीवर पेला ठेवला. बाहेर येऊन तिनं पदरानं हात पुसले.

"लई उशीर केला मेल्यानं," ती म्हणाली.